जीभ दाखव

अंघोळ केलीस, एक बिडी.
गोळी गिळलीस, जीभ दाखव, गालात बघू दे, अर्धी.
दुपारभर भिंतीशी बोलला नाहीस
तर रात्री कुलूप लावताना आणखी एक.
मीच पेटवून द्यायचो, काडी त्यांच्या हाती देत नसत.
एकतीस वर्षं माझ्या खाकी खिशात हेच औषध.
शिकवलं कुणी नव्हतं. माझ्या आधीचा
किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर हेही हातात ठेवून गेला.

धाकू मोंडकर आला तेव्हा एकोणीसचा,
होडीवरून थेट उतरवून आणलेला,
पोटऱ्यांना वाळू तशीच.
बिडी ओढत नव्हता.
हे मी कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नाही.

आता तो वेंगुर्ल्यात, भावाच्या पडवीत जाळी सांधतो.
मी पेन्शनीत, बंदराच्या उतारावर, चार घरं सोडून.
मंगळवारी त्याला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे.

डॉक्टर खोबरेकरबाईंनी त्याच्या पाठीला नळी लावली
आणि बराच वेळ काढलीच नाही.
म्हणाल्या, बिडी सोडवू या.
भाऊ हसला: एवढं एक सुख आहे हो त्याला.
बाकावरच्या सगळ्या माना हलल्या. माझीही.
धाकूला कुणी विचारलं नव्हतं, बाईंनी विचारलं.
"धूर आसलो की ती माणसां कुंपणाभायर रवतत."
आणि नसला की?
त्याने बोटं मोजली, पुन्हा मोजली.
"पैसे उरतत."

मग हळूहळू. अठ्ठावीसच्या वीस, वीसच्या बारा,
दंडावर पट्टी, तोंडात चघळायची गोळी,
फारच तल्लफ आली तर जाळ्याच्या दहा गाठी.
शेवटची बिडी त्याने ओढली नाही,
आंब्याच्या मुळाशी पुरली, वर करवंटी उपडी घातली.

दुसऱ्या आठवड्यात उशी लाळेने ओली,
जीभ जड, हातातून सुई गळते.
भाऊ माझ्या दारात: बघा, होता तो बरा होता.
बाईंनी रक्त तपासायला पाठवलं, गोळी कमी केली.
म्हणाल्या, धूर औषधाला खातो,
धूर थांबला की तीच गोळी जास्त चढते.
मी बाहेर येऊन चपला शोधत राहिलो.
मला ते पावसाळे आठवले,
घाट बंद, बंडलं पोचत नाहीत,
आणि आठवडाभरात अख्खा वॉर्ड पेंगायला लागायचा.
आम्ही म्हणायचो, हवाच जड आहे.

अठराव्या दिवशी पडवीत गेलो तर करवंटी उलटलेली,
धाकूच्या ओठांना माती,
आणि ओल्या तंबाखूचा तो वास,
ज्याने माझंही घर चाललं.
मी ओरडलो नाही. जवळ बसलो.
तोंडापर्यंत आलं होतं, जीभ दाखव.

तोच म्हणाला, "आता काय देतलंस?"

समोर दोघी खारवलेले बांगडे वाळत घालत होत्या,
एक कावळा त्यांच्या मागे मागे, शिस्तीत.
माझ्याकडे खरंच काही नव्हतं.
तसं सांगितलं.
"खिसो दाखय."
मी दाखवला. त्याने स्वतःच्या बोटांनी अस्तर बाहेर काढलं,
शिवणीत अडकलेला भुगा नखाने खरवडला,
पेपरमिंट निघालं ते परत ठेवलं,
दवाखान्याचा कागद उलटा धरून वाचला.
"बरा," म्हणाला. "आता तोंड."

मी तोंड उघडलं.
एकोणीसचा होता तेव्हा त्याने उघडलं होतं तसं.
जीभ वर केली. त्याने वाकून पाहिलं,
गालात, दाढांच्या मागे,
माझ्याहून जास्त वेळ लावून.

आज मंगळवार. बाकावर भाऊ विचारतो, किती झाले?
मी म्हणतो एकतीस, मधला तो एक सोडून.
धाकू माझी बाही ओढतो.
"सोडू नको. तो पण धर. तो पण माझोच दिवस."

बत्तीस, मी म्हणतो.
त्याचा नंबर अजून लागायचाय.